मुहूर्त आणि सामना

आमच्या शेजारच्या घरी गेल्या माघात लग्नकार्य झाले. घर चार पिढ्यांपूर्वी चाकरीनिमित्त इंदूरला आलेले आणि येथलेच होऊन राहिलेले. मुलगी थोरली, तिच्या पाठचा एकुलता एक भाऊ. गुरुजींनी मुहूर्त कितीतरी आधी काढून दिला होता, कार्यालय ठरले होते, पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवून झाली होती. अशा वेळी एका रात्री जेवणाच्या पानावर त्या भावाने खाली मान घालून सांगितले, की लग्नाच्या दिवशी आपण घरी नसू.

हा मुलगा राज्याच्या तेवीस वर्षांखालील संघातून क्रिकेट खेळतो. ज्यांच्यामुळे आमच्या गावाचे नाव क्रिकेटमध्ये सर्वतोमुखी झाले, त्या कर्नल सी. के. नायडूंच्याच नावाचा करंडक या वयोगटासाठी आहे. त्याचे सामने चार-चार दिवसांचे, आणि लग्नाची तिथी नेमकी परगावच्या एका सामन्याच्या दुसऱ्या दिवशी येत होती.

वडील काही बोलले नाहीत. आईच्या तोंडून एवढेच निघाले, "अरे, पण तिच्या ओंजळीत लाह्या कोण घालणार?"

वाचक-भगिनींना हा प्रश्न समजावून सांगायला नको. आपल्या लग्नविधीत वधूच्या भावाचे स्थान पाहुण्याचे नाही. लाजाहोमाच्या वेळी बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालायच्या त्या भावाने. नवरदेवाचा कान पिळून 'माझ्या बहिणीला नीट सांभाळा' अशी तंबी द्यायची तीही भावाने. कोणी ना कोणी नात्यातला मुलगा उभा करून विधी पार पडतो, हे खरे; पण पाठचा भाऊ धडधाकट असताना दुसऱ्याला उभे करणे कोणत्या आईला रुचेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती माउली माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, तुम्हीच सांगा. त्याला थांब म्हणावं की जा म्हणावं?"

मला उत्तर सुचले नाही. परंतु तो प्रश्न मनातून जाईना. खेळ हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या घरी जन्म, लग्न, आजारपण, मृत्यू हे सारे प्रसंग आपल्यासारखेच येतात. सामन्याच्या तारखा मात्र त्यांना विचारून ठरत नाहीत. या माणसांनी आणि त्यांच्या घरांनी आजवर काय केले, हे आठवून पाहण्याचा नाद मला काही दिवस लागला. त्यातून जे हाती आले, ते या महिन्यात आपल्यापुढे ठेवते.

दूरदेशी गेलेल्या माणसाची वाट पाहणे आपल्या घरांना नवे नाही. आपण महाराष्ट्राबाहेर रुजलेली माणसे. आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांची मुले ते मोहिमेवर असताना जन्मली असतील आणि बाप परतला तेव्हा अंगणात चालू लागली असतील. क्रिकेटच्या दौऱ्यांचा आरंभही काहीसा असाच झाला. १९३२ साली नायडूंच्या नेतृत्वाखाली भारत जो आपला पहिला कसोटी सामना खेळला, त्यासाठी संघ इंग्लंडला गेला तो बोटीने. एप्रिलमध्ये मुंबई सोडलेली मंडळी सप्टेंबरपर्यंत तिकडे खेळत होती. घरची खबर पत्राने यायची आणि पत्रही बोटीनेच यायचे. मागे पाळणा हलो की कोणी अंथरूण धरो, मध्येच परत येण्याचा विचारसुद्धा कोणाला शक्य नव्हता. जेथे मार्गच नाही, तेथे प्रश्नही उद्भवत नाही.

पुढे विमाने आली, दूरध्वनी आले आणि प्रश्न उद्भवला.

सुनील गावसकरांची या बाबतीतली हकीगत पुष्कळांना अर्धवट ठाऊक असते. १९७६ च्या आरंभी भारतीय संघ न्यूझीलंडमध्ये होता आणि तेथूनच पुढे वेस्ट इंडिजला जायचा होता. आपण दूर असतानाच घरी अपत्यजन्म होणार, हे गावसकरांना निघतानाच माहीत होते. न्यूझीलंडमधल्या तिसऱ्या कसोटीत त्यांना दुखापत झाली आणि डॉक्टरांनी चार आठवड्यांची विश्रांती सांगितली. त्याच सुमारास, २० फेब्रुवारीला, कानपूर येथे त्यांना पुत्ररत्न झाले. वेस्ट इंडिजमधली पहिली कसोटी तेव्हा सुमारे तीन आठवड्यांवर होती. तोवर खेळता तर येत नाही, मग स्वखर्चाने घरी जाऊन बाळाचे तोंड पाहून कसोटीपूर्वी परततो, असे त्यांनी विचारून पाहिले. ते घडून आले नाही. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पुरी होण्यापूर्वीच ते मैदानात उतरले. पोर्ट ऑफ स्पेनच्या एका कसोटीत त्यांनी १५६ आणि पुढच्या कसोटीत १०२ धावा काढल्या. या पुढच्या सामन्यातच भारताने चौथ्या डावात ४०६ धावा करून विजय मिळवला. बाप लेकाला भेटला, तेव्हा लेकाला दोन महिने होऊन गेले होते. मुलाचे नाव त्यांनी रोहन जयविश्व असे ठेवले. रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ या तीन खेळाडूंच्या नावांवरून.

कित्येक वर्षांनी, 'गावसकरांना मुलाच्या जन्मासाठी परवानगी नाकारली होती', अशी चर्चा पुन्हा निघाली, तेव्हा त्यांनी स्वतःच खुलासा केला. जन्माच्या वेळी हजर राहण्याची परवानगी आपण मागितलीच नव्हती. देशासाठी खेळायचे ठरले होते आणि त्या ठरवण्याला पत्नीचा पाठिंबा होता, असे त्यांनी सांगितले. मला या साऱ्या हकीगतीत त्या दोन शतकांपेक्षा हे वाक्य मोलाचे वाटते. निर्णय निघण्यापूर्वी झाला होता आणि तो एकट्याचा नव्हता.

घरानेच 'जा' म्हटल्याचे उदाहरण सचिन तेंडुलकरचे. मे १९९९ मध्ये इंग्लंडात विश्वचषकाची स्पर्धा चालू असताना त्याचे वडील, कवी आणि प्राध्यापक रमेश तेंडुलकर, निवर्तले. सचिन तातडीने मुंबईला आला. झिम्बाब्वेविरुद्धचा सामना त्याच्यावाचून झाला आणि भारत तो अवघ्या तीन धावांनी हरला. स्वतःवर एवढा मोठा आघात झालेल्या आईने त्याला परत जाण्यास सांगितले. २३ मे रोजी ब्रिस्टल येथे केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० धावा केल्या आणि आकाशाकडे पाहिले. ते दृश्य सर्वांच्या स्मरणात आहे. मला मात्र नेहमी त्या आईचे घर डोळ्यांपुढे येते. मुलगा गेल्यावर त्या घरात तिने ते दिवस कसे काढले असतील?

या गोष्टी ऐकून कोणी असा निष्कर्ष काढील, की खेळाला थांबणारा तो थोर आणि घरी येणारा तो कच्चा. असे म्हणणारे २०२० च्या डिसेंबरात पुष्कळ निघाले. ऑस्ट्रेलियातल्या पहिल्या कसोटीत भारताचा डाव ३६ धावांत आटोपला आणि कर्णधार विराट कोहली, पूर्वी ठरल्याप्रमाणे, पहिल्या अपत्याच्या जन्मासाठी मायदेशी परतला. टीकेचे मोहोळ उठले. टीकाकारांना एका गोष्टीचा विसर पडला होता. हाच कोहली अठरा वर्षांचा असताना, डिसेंबर २००६ मध्ये, दिल्लीकडून कर्नाटकाविरुद्ध रणजी सामना खेळत होता. तो नाबाद असताना रात्री त्याचे वडील वारले. सकाळी तो मैदानावर गेला, ९० धावा काढून त्याने संघाचा डाव सावरला आणि मगच वडिलांच्या अंत्यविधीला गेला. एकाच माणसाने एकदा खेळाला मान दिला, एकदा घराला. दोन्ही वेळा त्याला काय वाटले असेल, हे आपण प्रेक्षकांनी बाहेरून मोजण्याची गोष्ट नव्हे.

त्याच दौऱ्यात आणखी दोन घरांच्या कथा घडत होत्या. हैदराबादच्या मोहम्मद सिराजचे वडील रिक्षा चालवून मुलाला खेळवणारे. नोव्हेंबरात ते गेले, तेव्हा सिराज ऑस्ट्रेलियात विलगीकरणात होता. क्रिकेट मंडळाने त्याला परत जाण्याची मुभा देऊ केली होती. त्याने राहण्याचे ठरवले. वडिलांचे स्वप्न पुरे कर, असे आईनेही सांगितले. मेलबर्नला तो पहिली कसोटी खेळला, ब्रिस्बेनला शेवटच्या कसोटीत त्याने एका डावात पाच गडी बाद केले, आणि परत आल्यावर विमानतळावरून तो आधी वडिलांच्या कबरीपाशी गेला.

दुसरा तमिळनाडूतल्या सेलमजवळच्या खेड्यातला नटराजन. आयपीएलसाठी तो आखाती देशात असताना घरी कन्या जन्मली. तेथून त्याला सरावाचा गोलंदाज म्हणून थेट ऑस्ट्रेलियाला नेले. दौऱ्याच्या ओघात तो तिन्ही प्रकारच्या सामन्यांत भारताकडून खेळला आणि मुलीला त्याने पाहिले ते जानेवारीत घरी परतल्यावर. कर्णधाराला एक न्याय आणि नवख्याला दुसरा, हा भेद त्या वेळी गावसकरांनीच लिहून दाखवला होता. नटराजनने रजा मागितली होती की नाही, हा प्रश्न गौण आहे. खरा प्रश्न असा, की त्याच्या जागी असलेल्या तरुणाला ती मागण्याचे धैर्य झाले असते काय?

आणि ज्याने कोहलीच्या मागे धुरा सांभाळली, त्या अजिंक्य रहाणेचे काय? २०१९ च्या ऑक्टोबरात विशाखापट्टणम येथे दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कसोटी चालू असताना, चौथ्या दिवशी, त्याला मुंबईत मुलगी झाली. तो सामना संपवून मगच घरी गेला. त्यावर ना कोणी त्याची आरती ओवाळली, ना चर्चा झाली. सव्वा वर्षाने दुसऱ्या एका बापाला घरी जायचे होते, तेव्हा याच माणसाने मेलबर्नला ११२ धावा काढून सामना जिंकला आणि पुढे ब्रिस्बेनला मालिकाही जिंकून दाखवली. एकाच्या घरच्या सोहळ्याचा भार दुसऱ्याने न बोलता उचलायचा, यालाच संघ म्हणतात ना? आपल्या एकत्र कुटुंबांत दुसरे काय होत असे? एका जावेचे बाळंतपण आले, की दुसरीने चूल सांभाळायची.

तरीही खेळाडू रजा मागताना कचरतो, याला कारण आहे. खेळणारे अकरा, आणि दाराबाहेर उभे असलेले कितीतरी. कारकुनाची खुर्ची पंधरा दिवस रिकामी राहिली तर ती त्याचीच राहते. मैदानावरची जागा क्षणभरही रिकामी राहत नाही. २०२४ च्या नोव्हेंबरात कर्णधार रोहित शर्मा मुलाच्या जन्मासाठी घरी राहिला आणि पर्थची कसोटी हुकली. त्याच्या ऐवजी सलामीला गेलेल्या राहुलने जयस्वालसह २०१ धावांची भागी केली. बुमराहच्या नेतृत्वाखाली भारताने सामना २९५ धावांनी जिंकला. रोहित परतला, तेव्हा जमलेली जोडी मोडू नये म्हणून तो स्वतः खाली सहाव्या क्रमांकावर खेळला. कर्णधाराची ही कथा, मग तेवीस वर्षांच्या आतल्या पोराने कोणत्या भरवशावर तोंड उघडावे?

आमच्या प्रांतातले एक उदाहरण तर फारच बोलके आहे. मध्य प्रदेशच्या संघाने जून २०२२ मध्ये बंगळुरू येथे मुंबईला हरवून प्रथमच रणजी करंडक जिंकला. प्रशिक्षक मुंबईचे चंद्रकांत पंडित. १९९९ साली याच बंगळुरूला त्यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशाने अंतिम सामना गमावला होता, ते शल्य तेवीस वर्षांनी निघाले. त्या विजयानंतर वृत्तपत्रांत आले, की कर्णधार आदित्य श्रीवास्तव याला स्वतःच्या लग्नासाठी पंडितांनी दोनच दिवसांची सुट्टी दिली होती. आम्ही ते कौतुकाने वाचले. करंडक आला म्हणून कौतुक. तो न येता, तर याच दोन दिवसांना आम्ही काय म्हटले असते?

आतापर्यंत मी पुरुषांविषयीच लिहिले. पुरुष खेळाडूचा प्रश्न दिवसांचा असतो, स्त्री खेळाडूचा वर्षांचा. बापाला पाळण्यापाशी पोहोचायचे असते. आईला खेळ थांबवून पुन्हा पहिल्यापासून अंग कमवायचे असते. हैदराबादच्या सानिया मिर्झाला ऑक्टोबर २०१८ मध्ये मुलगा झाला. जानेवारी २०२० मध्ये ती परत कोर्टावर उतरली आणि होबार्टला पहिल्याच स्पर्धेत दुहेरीचे विजेतेपद घेऊन आली. पाकिस्तानची कर्णधार बिस्मा मारूफ २०२२ च्या विश्वचषकाला न्यूझीलंडला गेली, ती सहा महिन्यांची मुलगी कडेवर घेऊन, आणि बाळाला सांभाळण्यासाठी तिची आई बरोबर होती. सामना झाल्यावर भारताच्या मुली त्या बाळाभोवती जमल्या, ते छायाचित्र आपल्यापैकी अनेकींनी पाहिले असेल. ते घडू शकले, कारण आदल्या वर्षीच तिच्या देशाच्या मंडळाने बारा महिन्यांची पगारी प्रसूतिरजा आणि प्रवासात मदतनीस नेण्याची सोय नियमात घातली होती. जागतिक फुटबॉल संघटनेनेही १ जानेवारी २०२१ पासून व्यावसायिक स्त्री खेळाडूंना किमान चौदा आठवड्यांची रजा, करारातल्या वेतनाचा निदान दोन तृतीयांश भाग, आणि गरोदरपणाच्या कारणावरून करार मोडण्यास मनाई असे नियम केले. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मोठ्या लीगने २०११ पासून बापालाही जन्मप्रसंगी तीन दिवसांपर्यंत रजा ठेवली आहे आणि तेवढ्यापुरता बदली खेळाडू घेण्याची संघाला मोकळीक आहे. तीन दिवस म्हणजे काही फार नव्हेत. आपल्याकडे केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पितृत्वाची रजा पंधरा दिवस मिळते. परंतु नियमात लिहिलेले तीन दिवस कोणाच्या मर्जीवर नसतात, आणि ते कर्णधाराला व नवख्याला सारखेच असतात.

हे सारे डोक्यात घोळवल्यावर मला जे वाटले, ते असे. थांबावे की जावे, याचे एक उत्तर नाही. सचिनच्या आईचे उत्तर खरे होते आणि कोहलीचेही खरे होते. बाहेरच्याने पाहायचे ते एवढेच, की त्या माणसाला न भिता विचारता आले का, आणि ज्या घराला त्याची उणीव सोसायची, त्या घरालाही कोणी विचारले का. या दोन गोष्टी झाल्या असतील, तर त्याग हा त्याग असतो. झाल्या नसतील, तर ती नुसती हानी असते, आणि ती बहुधा घरातल्या बायकांच्या वाट्याला येते.

शेजारच्या घरात हा विचार माझ्याआधी त्या नवरीलाच सुचला होता. दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने भावाला समोर बसवून विचारले, "तू रजा मागितलीस का?"

"मागून काय उपयोग? माझ्या जागेसाठी तिघं उभे आहेत."

"मिळणार नाही, हे मलाही कळतं. पण माझं लग्न नुसतं विचारून पाहण्याइतकंही मोठं नाही का रे?"

पोराने दुसऱ्या दिवशी संघाच्या व्यवस्थापकांना विचारले. ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. म्हणाले, अकरांत नसलास, तर रात्रीच्या गाडीने खुशाल जा. असलास, तर मला सोडता येणार नाही. तो अकरांत निवडला गेला. लग्नाच्या सकाळी, खेळ सुरू होण्यापूर्वी, त्याने बहिणीला फोन केला. काय बोलले ते त्या दोघांनाच ठाऊक. लाह्या चुलतभावाने घातल्या. त्या ओंजळीत पडताना आईने पदर डोळ्यांना लावला. नवरीने मान वर करून आईकडे पाहिले आणि डोळ्यांनीच 'असू दे' म्हटले. भावाने त्या दिवशी शतक वगैरे काही ठोकले नाही. अकरा धावा काढून तो बाद झाला.

मांडवपरतणीला जावई आले, तेव्हा हा घरी होता. काहीसा ओशाळून कोपऱ्यात उभा होता. जावई सरळ त्याच्यापुढे जाऊन पाटावर बसले आणि डोके तिरके करून म्हणाले, "कान पिळायचा राहिलाय. आटपा लवकर, हिशेब बाकी नको."

त्याने कान पिळला तो चांगलाच जोरात. घर हसले, आणि आईने आतून लाह्यांची वाटी आणून, काही न बोलता, त्याच्या हातात दिली.